बास्केटबॉल सुरू करताय? आधी टाचेमागचं अकिलीस सांभाळायला शिका

२०२५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, दोन महिन्यांच्या आत तीन मोठे खेळाडू एकाच दुखापतीने बाहेर गेले. २७ एप्रिलला डेमियन लिलार्ड, १२ मेला जेसन टेटम आणि २२ जूनला, अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात, टायरीस हॅलिबर्टन. तिघांचंही अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड दोरी, तुटलं. कोणी धडकलं नव्हतं, कोणी पाडलं नव्हतं; स्वतःच्याच पायावर जोर देताना ते तुटलं. तिघांची वयं होती ३४, २७ आणि २५.

मी मुंबईत रविवारी सकाळी मोठ्या वयात बास्केटबॉल सुरू करणाऱ्यांना शिकवते. नागपाड्यात, आग्रीपाड्याच्या वायएमसीएत किंवा माटुंग्याच्या डॉन बॉस्कोत लहानपणापासून खेळलेल्यांच्या पोटऱ्या वर्षानुवर्षं उड्या मारून तयार झालेल्या असतात. माझ्याकडे येणारे बहुतेक तिशी-पस्तिशीतले. आठवडाभर बीकेसीत किंवा अंधेरीत खुर्चीवर बसून काम, लोकलमध्ये उभं राहून प्रवास, आणि रविवारी एकदम दोन तास फुल कोर्ट, म्हणजे पूर्ण मैदानभर धावत खेळ. त्यांचा दम तीन-चार आठवड्यांत वाढतो, मांड्या महिना-दीड महिन्यात सावरतात, मग उत्साहही वाढतो. टेंडनला मात्र बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. दम आणि ताकद पुढे गेलेली, टेंडन मागे राहिलेलं, अशा अवस्थेत नवखे खेळाडू जास्तीत जास्त खेळतात. बहुतेकांचं दुखणं तिथेच सुरू होतं.

हा लेख त्यांच्यासाठी. काही दुखत नसलं तरी शेवटपर्यंत वाचा, कारण पुढे सांगणार आहे तसं हे टेंडन दर वेळी आधी दुखून इशारा देतंच असं नाही.

आधी जागा ओळखा

बूट-मोजे काढून स्टुलावर बसा आणि एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा. घोट्याच्या मागे, टाचेच्या हाडापासून वर पोटरीकडे जाणारी जाड दोरी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. हेच अकिलीस टेंडन, शरीरातलं सगळ्यात जाड आणि मजबूत टेंडन. पोटरीचे दोन स्नायू त्यात एकत्र येतात. वरून दिसणारा फुगीर स्नायू गुडघ्याच्याही वरून सुरू होतो, आणि त्याच्याखाली सोलियस नावाचा चपटा स्नायू असतो. दोघांची ओढ या एका दोरीतून टाचेच्या हाडापर्यंत पोचते.

आता चिमटी टाचेच्या हाडापासून हळूहळू वर न्या. हाडापासून साधारण २ ते ६ सेंटीमीटर वरच्या पट्ट्याकडे विशेष लक्ष द्या. तिथे रक्तपुरवठा कमी असतो आणि टेंडन बहुतेक वेळा तिथेच तुटतं. दोन्ही पाय असेच तपासा. एका बाजूची दोरी दुसरीपेक्षा जाड लागते का, मध्येच गाठ लागते का, दाबल्यावर एका ठरावीक जागी कळ येते का, हे बघा. महिन्यातून एकदा हे केलंत तरी निरोगी टेंडन हाताला कसं लागतं ते तुम्हाला कळून राहतं, आणि पुढे फरक पडला तर तो लगेच जाणवतो.

धावताना या दोरीवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत हा ताण चारशे किलोच्या वर जातो, आणि तोही प्रत्येक पावलाला. बास्केटबॉलमध्ये त्याहून अवघड एक क्षण असतो. बॉल हातात आहे, समोर बचाव करणारा आहे, तुम्ही एक पाय मागे टाकता. गुडघा सरळ होतो, टाच जमिनीकडे दबते, टेंडन पूर्ण ताणलं जातं, आणि नेमक्या त्याच वेळी पोटरी आकसून तुम्हाला पुढे ढकलते. ताणलेल्या अवस्थेतच पूर्ण जोर पडतो. मोठ्या खेळाडूंच्या दुखापतींचे व्हिडिओ पाहिले तर हा मागे रोवलेला पाय वारंवार दिसेल.

कोणते इशारे खरे मानायचे

सकाळचा इशारा पहिला, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. पलंगावरून उतरल्यावर बाथरूमपर्यंतची पहिली पाच-दहा पावलं टाचेमागे आखडल्यासारखी, लंगडत पडतात. दहा मिनिटांत सगळं मोकळं होतं आणि माणूस विसरून जातो. रात्रभर स्थिर राहिलेलं टेंडन चिडलेलं असेल तर ते सकाळीच कळतं. कोर्टवर शरीर तापलेलं असतं, मन खेळात असतं, त्यामुळे तिथली जाणीव फसवी ठरते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एक सवय लावते. मोबाइलमध्ये रोज सकाळी एक आकडा लिहायचा, ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे पाय टेकवत नाही. पुढचे सगळे निर्णय याच आकड्यावरून घ्यायचे आहेत.

दुसरा इशारा म्हणजे खेळाच्या सुरुवातीला दुखणं, मग वॉर्मअप झाल्यावर गायब होणं, आणि संपल्यावर किंवा संध्याकाळी परत येणं. या मधल्या सुखाच्या काळात लोक फसतात. ‘खेळलं की बरं वाटतं’ हे वाक्य मी रविवारी हमखास ऐकते. दुखणं पुढे सरकलं की हा मधला काळ छोटा होत जातो, आणि शेवटी खेळभर दुखायला लागतं.

दादर किंवा घाटकोपरच्या पुलावर जिने चढताना एका टाचेमागे ओढ बसणं, गाडी पकडायला धावल्यावर चुरचुरणं, बुटाची मागची कडा टोचल्यासारखी वाटणं, घोटा वर-खाली करताना बोटांना करकर जाणवणं, हेही त्याच दुखण्याचे प्रकार. टाचेच्या हाडाला अगदी चिकटून दुखत असेल तर तो थोडा वेगळा प्रकार असतो आणि त्याचा व्यायामही वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पोटरीकडे मात्र दुर्लक्ष अजिबात नको. एनबीएतला मोठा खेळाडू केविन ड्युरंट याला ८ मे २०१९ च्या सामन्यात पोटरीला दुखापत झाली. महिनाभर तो बाहेर होता. १० जूनला अंतिम मालिकेत परतला आणि त्याच सामन्यात त्याचं अकिलीस तुटलं. हॅलिबर्टनही शेवटच्या सामन्याआधी पोटरीच्या दुखापतीसह खेळत होता. पोटरी दुखली की अकिलीस तुटणारच असं नाही, आणि एका खेळाडूच्या बाबतीत एकामुळेच दुसरं झालं असं छातीठोकपणे सांगताही येत नाही. पण दोघं एकाच यंत्रणेचे भाग आहेत. पोटरी दुखत असताना, लंगडत असताना रविवारची मॅच खेळायची नाही, हा माझ्या बॅचचा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. समोर ट्रॉफी असलेल्या व्यावसायिक खेळाडूचं गणित वेगळं. आपल्याला सोमवारी लोकल पकडायची असते.

आता सुरुवातीला म्हटलेली गोष्ट. अकिलीस तुटलेल्या बऱ्याच जणांना त्याआधी काहीच दुखलेलं नसतं. आतल्या तंतूंची झीज शांतपणे झालेली असते. म्हणून इशारे ओळखणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं, म्हणजे पोटरी आणि टेंडन बळकट करणं, हे न दुखणाऱ्यांनीही करायचं आहे.

कोणी जास्त जपायचं

तिशी ते पन्नाशीतले पुरुष, त्यातही आठवड्यातून एकदाच खेळणारे, हा सगळ्यात मोठा गट. बायकांना होत नाही असं नाही, प्रमाण कमी आहे. मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, युरिक अॅसिडचा त्रास, वाढलेलं वजन, किंवा पूर्वी दुसऱ्या पायाचं अकिलीस तुटलेलं असणं, यांपैकी काही असेल तर व्यायाम अधिक सावकाश वाढवा.

एक गोष्ट इथे थांबून सांगायला हवी, कारण मुंबईत ती रोज घडते. पोट बिघडलं, लघवीला जळजळ झाली की सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांपैकी एखादी गोळी दिली जाते, आणि अनेक जण डॉक्टरांना न विचारताच ती मेडिकलमधून आणतात. पावसाळ्यात तर फारच. या कुटुंबातल्या अँटिबायोटिकमुळे टेंडन सुजण्याचा आणि तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये या औषधांवर सगळ्यात कडक प्रकारचा इशारा छापायला लावला. साठीच्या वरच्यांना आणि सोबत स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका अधिक. त्रास काही दिवसांतही सुरू होऊ शकतो आणि गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनीही. तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा, ‘मी उड्या मारायचा खेळ खेळतो, दुसरं औषध चालेल का?’ तीच गोळी आवश्यक असेल तर जरूर घ्या, पण कोर्सच्या काळात आणि नंतरचे काही आठवडे उड्या आणि स्प्रिंट बंद ठेवा. गोळी चालू असताना टाचेमागे दुखू लागलं तर खेळ लगेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

दुखऱ्या अकिलीसमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन घेण्याबाबतही सावध राहा. त्याने काही दिवस बरं वाटतं, पण टेंडन कमकुवत होऊन तुटू शकतं.

पहिली पायरी: घरची चाचणी

भिंतीला दोन बोटं टेकवून एका पायावर उभे राहा. गुडघा सरळ ठेवून टाच जितकी उचलता येईल तितकी उचला, खाली आणा, पुन्हा उचला. लय एकसारखी ठेवा आणि मोजा. टाच पूर्वीइतकी वर जात नाही किंवा गुडघा वाकायला लागला की मोजणं थांबवा. मग दुसरा पाय.

निरोगी प्रौढ माणसाला २५ च्या आसपास यायला हव्यात, ही जुनी आणि सोपी कसोटी आहे. माझ्याकडे पहिल्या दिवशी बारा-पंधरावर थांबणारे पुष्कळ असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, तिथून सुरुवात करायची. दोन पायांमध्ये मोठी तफावत असेल, एकावर बावीस आणि दुसऱ्यावर तेरा असं काही, तर मात्र कमकुवत बाजू भरून येईपर्यंत फुल कोर्ट खेळायची घाई करू नका.

दुसरी पायरी: बारा आठवडे टाचा उचलणे

टेंडनला आराम देऊन ते बळकट होत नाही, आणि नुसतं ताणूनही होत नाही. त्याला जड, सावकाश वजन लागतं. यासाठी जिमची गरज नाही. इमारतीच्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी, कठडा आणि एक पाठीवरची बॅग पुरते.

पहिले दोन आठवडे दोन्ही पायांवर उभं राहून टाचा अर्ध्या उचला आणि ४५ सेकंद तशाच धरा. मध्ये दोन मिनिटं थांबा. असं पाच वेळा. ज्यांना थोडं दुखतंय त्यांच्यासाठी ही सर्वांत सुरक्षित सुरुवात आहे, बऱ्याच जणांना याने दुखणंही हलकं होतं.

त्यानंतर दोन्ही पायांवर टाचा उचलणं: तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली. पंधराचे तीन सेट. घाईघाईने केलेल्या शंभर उचलण्यांपेक्षा या पंचेचाळीस जड जातील, आणि जड जायलाच हव्यात. आरामात जमायला लागलं की दोन पायांवर वर जा आणि एका पायावर खाली या. मग पूर्ण एका पायावर. एका पायावर पंधराचे तीन सेट जमले की बॅगेत वजन टाका. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, हिशेब सोपा आहे. दोन बाटल्यांपासून सुरू करून दर आठवड्याला एक-दोन वाढवत न्या. वजन वाढलं की सेट दहाचे, मग आठचे करा. सेकंद मात्र तेच ठेवा.

हा सगळा व्यायाम गुडघा सरळ ठेवून. पण सोलियस स्नायू गुडघा वाकवल्यावर जास्त काम करतो, आणि धावण्याचा मोठा भार तोच उचलतो. म्हणून त्याच दिवशी खुर्चीवर बसून, मांडीवर तीच जड बॅग ठेवून टाचा उचला. पंधराचे तीन सेट. बहुतेक जण हा भाग टाळतात, कारण बसून करण्यात काही व्यायाम होतोय असं वाटत नाही. मी तो टाळू देत नाही.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. दोन दिवसांच्या मधली ही विश्रांती चैनीची नाही. जोरदार ताण दिल्यावर टेंडनमध्ये आधी मोडतोड होते आणि भरून यायला दीड ते तीन दिवस जातात. रोज उड्या मारल्या तर भरून येण्याआधीच पुन्हा ओरखडा पडतो.

जिन्याच्या पायरीवर टाच बाहेर ठेवून ती पायरीच्या खाली नेण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. स्वीडनमध्ये १९९८ मध्ये मांडलेल्या आणि जगभर पसरलेल्या कार्यक्रमात असाच व्यायाम होता, दिवसाला १८० वेळा, बारा आठवडे. टेंडनच्या मधल्या भागात दुखणाऱ्यांना ती चालते. टाचेच्या हाडाला चिकटून दुखत असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका. तसं केल्याने टेंडन हाडावर दाबलं जातं आणि दुखणं चिघळतं. अशांनी सपाट जमिनीवरच करायचं, आणि पोटरी ताणण्याचे व्यायामही काही काळ बाजूला ठेवायचे.

तिसरी पायरी: उड्या

एका पायावर वीस-पंचवीस टाचा उचलता येऊ लागल्या आणि सकाळचा आकडा १ च्या आत राहिला की दोरीच्या उड्या सुरू करा. पहिल्या दिवशी तीस सेकंदांचे चार फेरे, दोन्ही पायांवर, गुडघे जवळजवळ सरळ आणि टाच जमिनीला न टेकवता. शक्य असेल तर गच्चीच्या लादीवर नको, रबर मॅटवर किंवा मातीवर करा. दर आठवड्याला एखादा फेरा वाढवा. मग एका पायावर जागच्या जागी छोट्या उड्या, मग पुढे-मागे, आणि सगळ्यात शेवटी तो मागे टाकलेल्या पायावरून पुढे झेपावण्याचा सराव, आधी चालत्या वेगाने, मग हळूहळू पूर्ण जोराने. बास्केटबॉलमध्ये ज्या हालचालीत टेंडन तुटतं ती हालचाल सरावात असायला हवी. तिला घाबरून टाळलं तर ती मॅचमध्येच पहिल्यांदा पूर्ण जोराने घडते.

कोर्टवर किती, केव्हा

पहिले तीन-चार आठवडे शूटिंग, पासिंग आणि हाफ कोर्ट, म्हणजे अर्ध्या मैदानावरचा खेळ. मग थ्री ऑन थ्री, म्हणजे तीन विरुद्ध तीन, दहा मिनिटांचे तुकडे. फुल कोर्ट दुसऱ्या महिन्यात, तेही आठवड्यात एकदा आणि अर्धा तास. त्यानंतर वाढवत जा. नवखे इथे कुरकुरतात, मला मान्य आहे, मॅच खेळायलाच तर आलेले असतात. पण आठवड्यातून एकदा दोन तास खेळण्यापेक्षा दोनदा पाऊण-पाऊण तास खेळणं टेंडनला कितीतरी सोसतं.

मुंबईचं वर्ष स्वतःच एक अडचण आहे. जूनपासून उघडे सिमेंट कोर्ट ओले असतात, खेळ जवळजवळ थांबतो. सप्टेंबरच्या शेवटी कोर्ट सुकले की सगळे एकाच आठवड्यात परततात, चार महिन्यांची भूक घेऊन. अकिलीसच्या तक्रारी मला सर्वांत जास्त ऑक्टोबरमध्ये ऐकू येतात. उपाय एकच, पावसाळ्यात घरात टाचा उचलणं आणि दोरी चालू ठेवणं, आणि परतल्यावर पहिले तीन आठवडे पुन्हा हाफ कोर्टपासून सुरुवात करणं. परीक्षा, ऑफिसचा प्रोजेक्ट, बाळंतपण, आजारपण, कुठल्याही मोठ्या खंडानंतर हाच नियम.

आणि पायावर पडलेला सगळाच भार मोजा. विसर्जनाच्या मिरवणुकीत रात्रभर अनवाणी नाचलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी मॅच नको. मालाडहून चर्चगेटपर्यंत उभ्याने गेलात, दिवसभर साइटवर फिरलात, तर संध्याकाळी स्प्रिंट कमी करा. टेंडनला कोर्ट आणि रस्ता यातला फरक कळत नाही.

वॉर्मअपला दहा-बारा मिनिटं द्या. आधी चालणं आणि हलकं धावणं, मग दोन पायांवर पंधरा टाचा उचलणं, एका पायावर दहा-दहा, छोट्या उड्या, आणि शेवटी तीन-चार वाढत्या वेगाचे धावे. सिमेंटवर बसून पाय ताणत गप्पा मारणं म्हणजे वॉर्मअप नव्हे, आणि नुसत्या ताणण्याने अकिलीसची दुखापत टळते असा भक्कम पुरावाही नाही. बदली खेळाडू म्हणून पंधरा मिनिटं बाकावर बसला असाल तर आत जाण्याआधी कडेला पुन्हा दोन मिनिटं टाचा उचला आणि उड्या मारा.

बुटांबद्दल थोडक्यात. बास्केटबॉलचेच बूट घ्या, टाचेची मागची बाजू घट्ट असलेले, पण कडा टेंडनला टोचणार नाही असे. सिमेंटवर तळवा लवकर झिजतो. टाचेकडचा भाग एका बाजूने खाली बसला की बूट बदला, वरून नवा दिसत असला तरी. दुखत असेल तेव्हा घरात आणि रस्त्यावर अगदी सपाट चप्पल टाळा, टाचेकडे थोडी उंच असलेली वापरा. मेडिकलमध्ये मिळणारी टाचेखालची गादी काही आठवडे दोन्ही बुटांत घातली तरी टेंडनवरची ओढ कमी होते.

दुखू लागलं तर

खेळ पूर्ण बंद करून पलंगावर पडू नका. उड्या आणि धावणं थांबवा, टाचा उचलण्याचा व्यायाम चालू ठेवा. व्यायामात ३ पर्यंत दुखलं तर चालेल, ५ च्या वर कधीच नको. आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा आदल्या दिवशीइतकाच किंवा कमी हवा. वाढला तर आदल्या दिवशीचं वजन जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करा. वाढला नाही तर पुढे जा. एवढ्या एका नियमावर पुष्कळ जण स्वतःचं दुखणं आटोक्यात आणतात.

वेदनाशामक गोळी घेऊन मॅच खेळणं मात्र बंद. गोळीने इशारा दबतो आणि भार तसाच राहतो.

दोन-तीन आठवड्यांत फरक नाही, गाठ वाढतेय, रात्री दुखतंय, टाच लाल आणि गरम आहे, किंवा दोन्ही टाचा एकदम दुखतायत आणि सकाळी कंबरही आखडते, यांपैकी काहीही असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. शेवटच्या प्रकारात कधी कधी संधिवाताचा आजार निघतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, विलेपार्ल्याचं कूपर, या महापालिकेच्या रुग्णालयांत अस्थिरोग विभाग आहेत. रांगेसाठी सकाळी लवकर जा आणि सकाळच्या आकड्यांची नोंद सोबत न्या. डॉक्टरांना ती पाहून दुखणं वाढतंय की उतरतंय ते झटकन कळतं.

तुटलं तर

आमच्या कोर्टवर एकदा असं झालं. चाळिशीतले एक गृहस्थ बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या टोकाच्या रेषेवरून, निघाले, फटाक्यासारखा आवाज झाला आणि ते मागे वळून ओरडले, ‘कोणी मारलं?’ मागे कोणीच नव्हतं. कोणीतरी मागून लाथ मारली किंवा बॉल फेकला असं वाटणं हे अकिलीस तुटल्याचं नेहमीचं लक्षण आहे. नंतर दुखणं बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा कमी असतं, आणि म्हणून लोक त्याला मुरगळलं समजतात. त्यांनीही उठून चालायला सुरुवात केली होती.

चालता येतं म्हणजे तुटलेलं नाही, हे डोक्यातून काढून टाका. १२ एप्रिल २०१३ रोजी एनबीएतल्या कोबी ब्रायंटने अकिलीस तुटल्यानंतर रेषेवर उभं राहून दोन फ्री थ्रो टाकले. पायाची बोटं हलतात, पाऊल थोडं खालीही दाबता येतं, कारण दुसरे स्नायू ते काम करतात. एका पायावर टाच मात्र उचलता येत नाही. ते करून बघायला सांगू नका; त्याऐवजी पोटरी दाबून बघा. माणसाला बाकावर पालथं झोपवा, पावलं कडेच्या बाहेर लोंबती ठेवा, आणि आधी चांगल्या पायाची पोटरी हाताने दाबा. पाऊल आपोआप खाली जाईल. मग दुखऱ्या पायाची दाबा. पाऊल हललंच नाही तर अकिलीस तुटलंय असं धरून चला. चाचणी नीट जमली नाही, पण आवाज झाला आणि पायात जोर नाही, तरी तसंच धरा.

त्यानंतर त्या पायावर भार नाही. पाऊल खाली झुकलेल्या अवस्थेतच, पुठ्ठा किंवा फळी आणि पट्टी लावून हलकेच बांधा, टॉवेलात बर्फ गुंडाळून ठेवा, पाय उंच ठेवा. टॅक्सीच्या मागच्या सीटवर पाय लांब करून थेट रुग्णालयात न्या, नाहीतर १०८ ला फोन करा. मालीश करू नका, ओढून बसवायला कोणाकडे नेऊ नका. हाडवैद्याकडे दोन आठवडे घालवून मग येणारे रुग्ण असतात, आणि तोवर तुटलेली टोकं लांब सरकून उपचार अवघड झालेले असतात. पहिल्या तपासणीत ‘मुरगळलंय’ असं सांगितलं गेलं आणि टाच उचलता येतच नसेल, तर दोन-तीन दिवसांत दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफीबद्दल विचारा. एक्स-रेमध्ये टेंडन दिसत नाही.

ऑपरेशन करायचं की घोटा स्थिर ठेवणाऱ्या उपचाराच्या खास बुटात पाय ठेवून भरू द्यायचं, हा निर्णय तज्ज्ञांसोबत घ्यायचा. नॉर्वेत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वर्षभरानंतर पायाचं काम दोन्ही प्रकारांत सारखंच निघालं. पुन्हा तुटण्याचं प्रमाण मात्र ऑपरेशनशिवाय ६.२ टक्के आणि ऑपरेशननंतर ०.६ टक्के होतं; उलट ऑपरेशनमध्ये मज्जातंतूला इजा होण्याचा धोका जास्त. उड्या मारायच्या खेळात परतायचं आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दोन्ही मार्गांत पुढचा व्यायाम तितकाच महत्त्वाचा. पाय बांधलेला असताना पोटरी अचानक सुजली, ताठली, किंवा दम लागला, छातीत दुखलं, तर रात्र असली तरी रुग्णालयात जा, कारण रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

कोर्टवर परतायला नऊ महिने ते वर्ष लागतं. ड्युरंटने तब्बल दीड वर्ष घेतलं आणि डिसेंबर २०२० मध्ये परतल्यावर तो पूर्वीसारखाच खेळला. परतण्याची तारीख कॅलेंडरवरून ठरवू नका. दुखऱ्या पायावर एकट्याने टाच दुसऱ्या पायाइतकीच उंच आणि जवळपास तितक्याच वेळा उचलता आली, एका पायाची उडी दोन्हीकडे सारखी पडली, आणि हाफ कोर्टच्या सरावानंतर सकाळचा आकडा दोन आठवडे स्थिर राहिला, की मग फुल कोर्ट. त्यानंतरही टाचा उचलणं आठवड्यातून दोनदा चालू ठेवा, दोन्ही पायांनी, कारण एकदा एक बाजू तुटलेल्या माणसाची दुसरी बाजू तुटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.